सारख्या आकड्यांची ओळ

पाचव्या ओळीत, खर्ड्याच्या स्तंभात, मी शून्याभोवती चौकट काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. मग लक्षात आलं, की पाचवी ओळ म्हणजे फिलोमिना, आणि फिलोमिना म्हणजे माझी बायको. असं उशिरा लक्षात येणं मला नवीन नाही. गणित मांडताना मी माणसांची नावं आधी काढून टाकतो, त्यांना क्रमांक देतो आणि मग मोकळ्या मनाने कामाला लागतो. कॉलेजात वीस-बावीस वर्षं पोरांनाही हेच शिकवत आलोय. पण त्या दुपारी, मे महिन्यातल्या, नगरला लागून असलेल्या केडगावच्या त्या भाजक्या दुपारी, वीज गेलेली, पंखा थांबलेला, आलेखाच्या कागदाला मनगटाचा घाम चिकटलेला, आणि डोक्यावरच्या स्लॅबवर फिलोमिनाच्या चपलांचा आवाज इकडून तिकडे फिरत होता. वर ती वाळत घातलेल्या बाजरीच्या खारोड्या उलटवत होती. खाली मी तिला नुकतंच खर्ड्याला पाठवलं होतं. शंभर किलोमीटरच्या आसपास, जामखेडच्याही पुढे, तीन वर्षांसाठी. चपला माझ्या बरोबर डोक्यावर आल्या, थांबल्या, पुन्हा चालू लागल्या, आणि मला उगीचच अपराध्यासारखं वाटलं.

हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. आमच्या मिशनच्या संस्थेच्या या जिल्ह्यात आठ प्राथमिक शाळा, आणि दर तीन वर्षांनी आठ शिक्षकांच्या बदल्या. त्या चिठ्ठ्या टाकून व्हायच्या. आधी प्रार्थना, मग एका पितळी ताटात गावांची नावं लिहिलेल्या आठ घड्या, आणि सर्वांत जुना निवृत्त शिक्षक डोळे मिटून एकेकाच्या नावाने एकेक घडी उचलायचा. ज्याला जे गाव लागेल ते देवाने दिलं असं मानायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पण फिलोमिनाला लागोपाठ तीन वेळा केडगावच लागलं. नऊ वर्षं घराजवळची शाळा. तिसऱ्या वेळी बैठकीत मागच्या बाकांवर कुजबुज झाली, की केडगावच्या घडीचा कोपरा दुमडलेला असतो आणि चिठ्ठ्या उचलणारे यशया सर बेंजामिनचे, म्हणजे माझे, जुने स्नेही आहेत. यशया सरांना ते फार लागलं. चाळीस वर्षं खडू धरलेला माणूस. डोळे मिटताना सुद्धा चष्मा काढून ठेवायचा, म्हणजे कुणाला शंका नको. या एप्रिलमध्ये ते घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बेंजामिन, चिठ्ठ्या आता बास. तुमचं ते गनित लावा. आकड्याला नातं नसतंय." मी म्हटलं, "सर, माझी बायको आठांतली एक आहे. लोक पुन्हा बोलतील." ते म्हणाले, "कागद भिंतीवर लावू. ज्याला मोजायचंय त्यानं मोजावं. मला झोप लागली पायजे, एवढंच हाय."

तर असा हा नेमणुकीचा प्रश्न. पुस्तकात तो कारागीर आणि यंत्रांचा असतो: एकेका कारागिराला एकेक यंत्र द्यायचं, आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी लागला पाहिजे. मला त्यावर पहिल्यापासून प्रेम आहे, लपवण्यात अर्थ नाही. एकदा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या आणि फड यांचा असाच तक्ता मी करून दिला होता. त्यांनी शाल घातली, तक्ता कपाटात ठेवला आणि टोळ्या पूर्वीसारख्याच पाठवल्या. त्यामुळे यशया सर दाराशी आले तेव्हा मला वरवर संकोच वाटला तरी आतून उकळ्या फुटत होत्या. प्रत्येक शिक्षकाला मी एक कागद दिला. आठ गावं लिहिलेली. सर्वांत हव्या गावापुढे एक, नकोशापुढे आठ, दोन गावं सारखीच वाटली तर सारखा आकडा चालेल. आलेल्या कागदांत माणसांचे स्वभाव उघडे पडले होते. मुक्ताबाईंनी खर्ड्यापुढे आठ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. प्रवीणने खाडाखोड एवढी केली होती, की कागदाला भोक पडलेलं. प्रज्ञाबाईंनी, ज्यांची मुलगी आठ महिन्यांची आहे आणि जिला सांभाळणाऱ्या सासूबाई, भिमाबाई, इथे केडगावातच राहतात, केडगावला एक दिला आणि खर्ड्याला मात्र पाच. कुणीतरी जायला हवंच ना, असं त्यांना वाटलं असणार. बाकी सगळ्यांनी खर्ड्याला सात किंवा आठ. आणि फिलोमिनाच्या कागदावर, तिच्या त्या फळ्यावरच्या गोल अक्षरात, आठही गावांपुढे एक. एक, एक, एक, एक. उभी रांग.

तो कागद बघून मला काय वाटलं होतं ते आता लिहायची लाज वाटते. मला कौतुक वाटलं होतं. बाकीचे भांडतात, आपली बायको भांडत नाही. जिथे देव नेईल तिथे. मी ते आठ एक तक्त्यात उतरवले आणि पद्धतीप्रमाणे चाललो: प्रत्येक ओळीतला लहानात लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा. एकातून एक गेला. तिची सबंध ओळ शून्यांची झाली. आणि अशा ओळीचं काय होतं ते मला वेगळं सांगायला नको होतं. ज्याला सगळं सारखंच, त्याची पसंती गणिताला दिसतच नाही. बाकी सात जण आपापल्या सोयीने बसतात आणि त्याला उरलेलं मिळतं. वर्गात मी याच जागी थांबतो, खडू झटकतो आणि म्हणतो, "पोरांनो, ज्याला सगळं चालतं, त्याला उरलेलं मिळतं." पोरं हसतात. दर वर्षी त्याच जागी हसतात. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तासाची तयारी घरीच करायचो, स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने तक्ते काढून, आणि फिलोमिना कणीक मळता मळता ऐकायची. तेव्हा ती या वाक्याला हसली होती का, ते मला आठवेना. फार प्रयत्न केला. दाराचा हिरवा रंग आठवला, तिच्या कोपरापर्यंतचं पीठ आठवलं, खाली खेळणारी ग्लोरिया आठवली, जी आता मिरजेला नर्सिंग करते. हसू आठवलं नाही.

त्याऐवजी दुसरंच आठवत राहिलं. पडद्याचा रंग कोणता घ्यायचा? कुठलाही चालेल. नाताळला तुझ्या माहेरी जायचं की माझ्याकडे? कुठेही चालेल. भाजी काय करू हे मात्र तीच मला विचारायची, आणि मी लगेच सांगायचो, कारण मला सगळं नीट माहीत असतं, वांगी नकोत, गवार चालेल, मेथी फार आवडते. माझी ओळ नेहमी भरलेली. बावीस वर्षं या घरात दोन ओळींचा तक्ता चालला होता. त्यातली एक सगळी एकांची होती, आणि मला वाटत होतं की आमचं किती छान जमतं. मी उठून माठातलं पाणी प्यायलो. वरून तिचा आवाज आला, शेजारच्या रतनबाईंशी बोलत होती, की यंदा ऊन चांगलं आहे, खारोड्या दोन दिवसांत खडखडीत होतील. हा आवाज तीन वर्षं या घरात नसणार. मी या बाईवर प्रेम करतो, असं मी स्वतःशी अगदी स्पष्ट शब्दांत म्हणालो. पन्नाशीला आलेल्या माणसाने दुपारी अडीच वाजता माठाजवळ उभं राहून असं म्हणणं विचित्र वाटतं, पण म्हणालो खरा.

मग मी एक गोष्ट केली. सगळा तक्ता दुसऱ्या कागदावर उतरवला, खोडरबर घेतलं आणि त्यातली पाचवी ओळ पुसली. सगळे एक गेले. तिच्या जागी, तिच्या वतीने, मी आकडे भरले. केडगाव एक, उघडच आहे, घर इथे, दवाखाना इथे, मी इथे. राहुरी दोन, तिची बहीण तिथे. श्रीगोंदा तीन. असं करत खर्डा आठ. बायकोला मी किती ओळखतो याचं समाधानच वाटत होतं. पुन्हा वजाबाक्या, पुन्हा शून्यांवर रेघा. केडगाव फिलोमिनाला आलं. आणि खर्ड्याची चौकट सरकत सरकत प्रज्ञाबाईंच्या ओळीत जाऊन बसली, त्या प्रामाणिक पाचावर. पहिल्या उत्तरात आठ जणांना मिळालेल्या आकड्यांची बेरीज दहा होती, ती कमी तितकी बरी, आता चौदा झाली. वाढलेले चार म्हणजे एक आठ महिन्यांची मुलगी आणि तिची आजी. कागद भिंतीवर लागणार होता. मुक्ताबाई मोजणार होत्या. यशया सर चष्मा लावून बघणार होते, चौथ्यांदा केडगाव आणि चौथ्यांदा बेंजामिनची बायको, आणि मला काहीही बोलणार नव्हते. मी तसाच बसून राहिलो. दोन कागद समोर, एकात माझं घर रिकामं, दुसऱ्यात मी लबाड.

जिन्यावर चपला वाजल्या. फिलोमिना आत आली, पदराने कपाळ पुसत, बोटांना बाजरीचं सुकलेलं पीठ. टेबलाशी थांबली. कागद झाकायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी झाकला नसता, आम्हां दोघांत तसं काही झाकायची रीतच नाही. तिने खालचा कागद बघितला, मग वरचा. शिक्षिकेची नजर, खाडाखोड लगेच दिसते.

"माझी ओळ तुम्ही भरलीत?" ती म्हणाली.

"तू भरलीच नव्हतीस. सगळीकडे एक म्हणजे न भरल्यासारखंच." माझा आवाज नकळत वर्गातला झाला. "चिठ्ठीचं वेगळं असतं, फिलोमिना. चिठ्ठीत सगळ्यांना सारखी संधी. देवावर सोडलं तर सोडलं. इथे तसं नाही होत. इथे तुला काहीही चाललं, की जे कुणालाच नको ते तुझ्या गळ्यात. खर्डा येतंय तुला, खर्डा! तुला कळत कसं नाही?"

ती खुर्ची ओढून बसली. बोटांवरचं पीठ खरवडत राहिली, खाली बघत.

"कळतं ना," ती म्हणाली. "ज्याला सगळं चालतं, त्याला उरलेलं मिळतं. दाराच्या मागे लिहून शिकवायचात की. आणि उरणार काय होतं? खर्डाच उरणार. मुक्ताबाई जाणार होत्या का?"

बाहेर टेम्पो गेला, पुणे रस्त्याकडे वळला. डोक्यात एकामागून एक गोष्टी जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसत होत्या. लग्नाआधी एक वर्ष ती खर्ड्याला होती. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि ती बदली घेऊन इकडे आली. तेव्हा ठरलेलं लग्न होतं, तिथे भेटायला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी एकदाही गेलो नाही, आणि नंतर जायचं कारण उरलं नाही. तिची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. एका खोलीची शाळा. सायकल शिकले. शाळा सुटल्यावर किल्ल्याच्या भिंतीवर बसून वह्या तपासते, वारा फार, वह्यांवर दगड ठेवावा लागतो. शेजारच्या मनकर्णाबाई रोज कालवण देतात आणि म्हणतात, "बाई, तुमी हितंच ऱ्हावा, नगरात काय हाय?" ती पत्रं मी प्रेमपत्रं म्हणून वाचली होती. शेवटच्या दोन ओळींत माझी चौकशी असायची, ती मी दोनदा वाचायचो, आणि वरचं सगळं भराभर उडवायचो. आणि तिसऱ्यांदा केडगावची चिठ्ठी लागली तो दिवस. मी पेढे आणले होते. तिने एक खाल्ला, मग घरातले सगळे पडदे काढले आणि धुवायला बसली. मी रतनबाईंना सांगितलं होतं, बघा, किती खूश आहे, सगळं घर धुऊन काढतेय.

"मग सरळ लिहायचं ना," मी म्हणालो. आवाज वर्गातला राहिला नव्हता. "खर्डा, एक."

"लिहिणार होते. कागद तुमच्या हातात येणार होता. तुम्ही मला विचारलं असतं, का? आणि मला नीट सांगता आलं नसतं. इथे काही वाईट आहे का? काही नाही. तुम्ही वाईट आहात का? तसंही नाही." ती थोडी हसली. "मेथी तेवढी फार खाता. पण अहो, मला पुन्हा एकदा त्या भिंतीवर बसून वह्या तपासायच्या आहेत. मनकर्णाबाई आहेत का नाहीत कोण जाणे. शाळा सुटल्यावर घरी काय करायचं हे कुणी विचारणारं नाही, असं एक वर्ष होतं माझं. त्या वर्षात मी कशी होते ते मी विसरत चाललेय. आता ग्लोरियाही मार्गाला लागली. आणखी तीन वर्षांनी गुडघे सायकल चालवू देणार नाहीत."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी स्वतःसाठीच वाटलं, आणि मग हळूहळू, ऊन खोलीतून सरकावं तसं, तिच्यासाठी. नऊ वर्षं ताटातली घडी तिला नको ते देत होती आणि लोक म्हणत होते की हिच्यासाठी कोपरा दुमडतात. मी पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि एक कोरा कागद. "आता खरं लिही," म्हणालो. "मी तिकडे बघतो." आणि खरोखरच खिडकीकडे तोंड केलं. पेन्सिलीचा आवाज येत होता. मध्ये थांबला, बराच वेळ थांबला, मग एक छोटासा आकडा काढल्याएवढा आवाज झाला. तिने कागद माझ्याकडे सरकवला. खर्ड्यापुढे एक. मग राहुरी पाच, शेवगाव सहा, असे कुठलेकुठले आकडे. केडगावपुढे दोन.

"दोन," मी म्हणालो.

"दोन कमी आहे का? आठांत दुसरं आलंय तुमचं गाव."

यानंतर मला काहीही सोडवायची गरज नव्हती. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोराने सांगितलं असतं: खर्ड्याचा आकडा एक होता तो एकच राहिला, बाकीचे वाढले, म्हणजे पहिलं उत्तर आहे तसंच उभं राहणार. हे मला कागद हातात घेताक्षणी दिसलं होतं. तरीही मी नवा कागद घेतला, पट्टीने आठ बाय आठचे चौकोन आखले, चौसष्ट आकडे उतरवले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. का केली? मला वाटतं, मला तिच्या ओळीतून एकदा नीट जायचं होतं. एक वजा केला. खर्ड्याखाली शून्य आलं, केडगावखाली एक, राहुरीखाली चार. पहिल्यांदाच तिच्या ओळीला चढउतार होते. रेघा ओढल्या, चौकटी काढल्या. अधूनमधून वाटायचं, कुठे चूक होईल आणि ती चूक माझ्या बाजूची असेल. झाली नाही. मी गणितात चुकत नाही, तेवढंच एक मला येतं. प्रज्ञाबाईंना केडगाव, फिलोमिनाला खर्डा, बेरीज दहा. तोच दहा, मघाशी माझं घर रिकामं करणारा. आकडा तोच आणि मी मात्र दुसऱ्याच जागी बसलेला. दोन्ही पहिले कागद मी फाडले. भिंतीवर तिच्या खऱ्या ओळीचा कागद लागायला हवा होता. यशया सरांना झोप लागेल. मुक्ताबाईंना मोजू दे.

एवढ्यात वीज आली आणि पंखा कुरकुरत फिरू लागला. कागदाचे तुकडे टेबलभर उडाले. फिलोमिनाने दोन्ही हातांनी ते गोळा केले, टेबलावरच्या एका वाटीखाली दाबले, मग चहा ठेवायला आत गेली. स्वयंपाकघराचं हिरवं दार अर्धं उघडं होतं. त्याच्या मागच्या बाजूला आता गॅसवाल्याचा आणि दूधवाल्याचा नंबर लिहिलेला असतो. मी तिथे जाऊन उभा राहिलो. ती चहात आलं किसत होती, आणि मी तिच्याकडे बघत होतो, जशी ती त्या वर्षी दिसत असेल तशी तिला बघायचा प्रयत्न करत, भिंतीवर बसलेली, मांडीवर वह्या, वाऱ्याने पदर उडालेला. मला नीट जमेना. किल्ल्याची भिंत कशी आहे तेच मला माहीत नव्हतं.

"शनिवारी खर्ड्याहून नगरला शेवटची गाडी किती वाजता असते?" मी विचारलं.

"माझ्या वेळी चारला होती. आता कोण जाणे." तिने कप मांडले. "पण दर शनिवारी मीच का यायचं? एक शनिवार मी येईन, एक शनिवार तुम्ही या. दीड तास उशीर झाला तरी चालेल, मनकर्णाबाईंकडे कालवण असेल. नसल्या त्या तर मी करीन. मेथी मिळणार नाही, सांगून ठेवते."

"बरं," मी म्हणालो.

"पहिला शनिवार कुणाचा?"

"मला कुठलाही चालेल," मी म्हणालो.

तिने गाळणी हातात धरून माझ्याकडे बघितलं. नुसती थांबली, वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे ठाऊक असलेल्या बाई थांबतात तशी.

"पहिला," मी म्हणालो. "पहिला माझा."